द्रवणांक नको, वापराचं तापमान छापा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्लास्टिकवर आलेला लेख वाचला. कोणतं प्लास्टिक किती अंश सेल्सिअसला वितळतं, याचा मोठा तक्ता त्यात आहे. एक आकडा सोडला (त्याबद्दल पुढे लिहिते), तर बाकीचे द्रवणांक बरोबर आहेत. माझी हरकत आहे ती त्या तक्त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला. पीईटी (पाण्याच्या पारदर्शक बाटल्या ज्याच्या करतात ते प्लास्टिक) २५० अंशांच्या वर वितळतं, म्हणून उकळत्या पाण्याला ते सहज टिकेल, असं लेखात म्हटलं आहे. ते टिकत नाही. पाण्याच्या नेहमीच्या पारदर्शक बाटलीत उकळतं पाणी ओतलं, तर बाटली बघता बघता आक्रसते, खांद्याशी मुडपते, तिचा तळ बाहेर येतो आणि ती उभी राहीनाशी होते. मग ते पाणी धरणाऱ्याच्या हातावर यायला वेळ लागत नाही. हा लेख लहान मुलं असलेल्या घरांतही वाचला गेला असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर खुशाल करा, पण बाटलीबद्दलचा मजकूर राहू द्या.

मी प्लास्टिकचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात काम करते. शेजारच्या शेडमध्ये इंजेक्शन मोल्डिंगची, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरणारी, मशीन चालतात. तिथून निघणारा प्रत्येक लॉट आमच्या टेबलावरूनच पुढे जातो. कोणता माल किती उष्णता सोसतो हे तपासणं हे माझं रोजचं काम, आणि त्यात द्रवणांकाचा आकडा मला क्वचितच लागतो. तो मशीनवरच्या माणसाला लागतो, कारण त्याला दाणा वितळवायचा असतो. वस्तू वापरणाऱ्याची गरज वेगळी. त्याला ती वाकायला नको असते, आक्रसायला नको असते, तडकायला नको असते, तिच्यातून धूर निघायला नको असतो. यातलं काहीही द्रवणांकाच्या कितीतरी अलीकडे घडू शकतं.

प्लास्टिक म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या साखळ्या. १९२० साली हर्मान स्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हे मांडलं, तेव्हा त्या काळच्या अनेक नामवंतांना ते पटलं नव्हतं. पुढे १९५३ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. बर्फाचे रेणू लहान आणि एकसारखे, त्यामुळे शून्य अंशाला ते एकदम सुटतात. साखळ्यांचं तसं नसतं. लोकरीच्या गुंत्यासारख्या त्या एकमेकींत अडकलेल्या असतात, आणि काही प्लास्टिकांत मधूनमधून घड्या घालून नीट रचलेल्याही असतात. या रचलेल्या भागाला स्फटिकी भाग म्हणतात. प्लास्टिक तापवत नेलं की आधी गुंत्यातल्या साखळ्या हलायला लागतात. रचलेला भाग तेव्हा घट्टच असतो. तो मोडायला बरंच जास्त तापमान लागतं. पीईटीमध्ये पहिली गोष्ट ७० ते ८० अंशांच्या दरम्यान घडते आणि दुसरी २५० च्या पुढे. आपल्या तक्त्यात फक्त दुसरीचा आकडा आहे.

आता बाटलीकडे वळते. ती थेट बाटलीच्या आकारात घडवलेली नसते. आधी जाड भिंतीची, एका टोकाला बंद अशी आखूड नळी मोल्ड करतात. तिला प्रिफॉर्म म्हणतात. झाकणाचे आटे तिच्यावर तेव्हाच असतात. ही नळी साधारण १०० अंशांपर्यंत तापवून आतून दांडीने लांबवतात आणि दाबाच्या हवेने फुगवतात. साखळ्या उभ्या-आडव्या ताणल्या जातात आणि थंड साच्याला टेकताच त्याच अवस्थेत गोठतात. इतकी पातळ असूनही बाटली मजबूत असते ती या ताणामुळे. पण तो ताण आत कोंडलेलाच असतो. भिंत ७५-८० अंशांच्या वर गेली, साखळ्यांना हालचालीची मोकळीक मिळाली, की त्या पुन्हा आखडतात. उकळतं पाणी ओतलं तेव्हा वितळायला दीडशे अंश बाकी असतात, आखडायला लागणारं तापमान मात्र केव्हाच ओलांडलेलं असतं. आट्यांचा भाग त्यातल्या त्यात कमी बिघडतो, कारण तो जाड असतो आणि फुगवताना ताणलेलाही नसतो.

हेच पीईटी मुद्दाम तापवून त्यातला स्फटिकी भाग वाढवला तर ते अपारदर्शक होतं, आणि त्याचे ट्रे २०० अंशांच्या ओव्हनमध्येही आकार सोडत नाहीत. त्याचेच बारीक धागे ओढले की पॉलिएस्टरचं कापड होतं, आणि बेताच्या गरम इस्त्रीला ते दाद देत नाही. बाटली, ट्रे आणि कापड या तिघांचं रसायन एक आणि द्रवणांकही जवळपास एक. एक वस्तू ८० अंशांना हात टेकते, दुसरी २०० ला टिकते. मग वाचकाने तक्त्यातल्या एका आकड्यावरून नेमकं काय समजायचं?

बाटलीच्या आणि ट्रेच्या तळाशी त्रिकोणात छापलेला अंकही एकच असतो, १. हे १ ते ७ अंक १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले, ते टाकाऊ प्लास्टिक वेगळं करणं सोपं जावं म्हणून. प्लास्टिकची जात त्यावरून कळते, उष्णतेबद्दल काहीच कळत नाही. सातव्या अंकाखाली तर उरलंसुरलं सगळं येतं. तळाला ५ असेल तर डबा गरम वापराला चालतो, असा सल्ला लेखात आहे. तो पुष्कळसा खरा आहे. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि उकळत्या पाण्याला चांगलं टिकतं. पण भिंत पातळ असेल आणि वर वजन असेल तर शंभराच्या आतच ते वाकतं. दुसऱ्या टोकाला, शून्य अंशाच्या आसपास आणि त्याखाली, साधं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं. फ्रीझरमधून काढलेला डबा हातातून निसटला की तडकतो तो त्यामुळे. पॉलिइथिलीनचा डबा तिथे तडकत नाही. त्याच्या साखळ्या शून्याखाली शंभर अंशांपर्यंतही पुरत्या गोठत नाहीत.

उष्णता सोसण्याच्या रीतसर चाचण्या आहेत. त्यातली विकाटची चाचणी मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात माल काय करतो ते डोळ्यांसमोर दिसतं. सपाट टोकाची, एक चौरस मिलिमीटर छेदाची सुई नमुन्यावर उभी टेकवायची. तिच्यावर १० किंवा ५० न्यूटनचा भार द्यायचा. नमुना तेलात बुडवून तासाला ५० किंवा १२० अंश अशा ठरलेल्या गतीने तेल तापवत न्यायचं. सुई एक मिलिमीटर आत गेली की त्या क्षणीचं तापमान टिपायचं. सुरुवातीला डायलचा काटा पुढे जात नाही, उलट किंचित मागे येतो. नमुना तापून फुगत असतो आणि सुईला वर उचलत असतो. मग काटा थांबतो. बराच वेळ काहीच घडत नाही. नवीन आलेली मुलं इथे हमखास दुसरीकडे बघतात, आणि नेमकं तेव्हाच तो पुढे सरकायला लागतो. पॉलिस्टायरीन असेल तर पाहता पाहता सुई आत जाते. पॉलिप्रॉपिलीन मात्र झुंजत झुंजत जागा देतं.

दुसऱ्या चाचणीत पट्टी दोन आधारांवर ठेवून मध्ये भार देतात आणि ती ठरावीक वाकली की तापमान नोंदवतात. नायलॉन ६६ चा द्रवणांक २६० अंशांच्या आसपास आहे. पण नुसत्या नायलॉनची पट्टी जास्त भाराखाली ७०-८० अंशांनाच वाकते. त्याच नायलॉनमध्ये वजनाने ३० टक्के काचतंतू मिसळले, तर ती २५० च्या आसपास वाकते. द्रवणांक दोन्हींचा तोच! मोटारीच्या इंजिनाला खेटून बसणारे भाग काच घातलेल्या नायलॉनचे करतात ते यासाठी. माझ्या दृष्टीने या एका उदाहरणानंतर द्रवणांकाच्या तक्त्याची बाजू घ्यायला काही उरत नाही.

आता तो चुकलेला आकडा. पॉलिस्टायरीनपुढे २४० छापलं आहे. तो आकडा साखळीची रचना मुद्दाम नियमित केलेल्या, स्फटिकी पॉलिस्टायरीनचा आहे, आणि आपल्या हातात येणाऱ्या वस्तू त्याच्या नसतात. नेहमीच्या पॉलिस्टायरीनला द्रवणांकच नाही. त्यात रचलेला भाग नसतो, सगळा गुंताच. ९५ ते १०० अंशांच्या सुमारास त्याचा कडकपणा जातो, मग ते रबरासारखं होतं, मग चिकट, मग हळूहळू पातळ. अमुक अंशाला वितळलं, असं बोट ठेवून दाखवता येत नाही. अॅक्रिलिक, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट याच जातीचे; त्यातलं पॉलिकार्बोनेट जवळपास १४५ अंशांपर्यंत ताठ राहतं, बाकीचे दोन शंभरीच्या आसपास सैल पडतात. काचेचंही असंच आहे. खिडकीची काच साधारण ५५० अंशांच्या पुढे मऊ होऊ लागते आणि पुढची कित्येक शे अंश नुसती मऊच होत जाते.

हा फरक नुसत्या डोळ्यांनी बघायचा असेल तर मशीनवर माल बदलत असताना बघावा. आधीचा माल बाहेर काढण्यासाठी बॅरलमधून, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या तापत्या नळकांड्यातून, पॉलिइथिलीन ढकलतात. त्याला पर्जिंग म्हणतात. नोझलमधून, म्हणजे त्याच्या तोंडातून, पडलेला पॉलिइथिलीनचा गोळा त्या क्षणी अगदी स्वच्छ असतो, त्याच्या आरपार खालच्या पत्र्यावरचा ओरखडासुद्धा दिसतो. थोड्याच वेळात कडेने दुधी झाक धरायला लागते. स्वच्छ आणि दुधी यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसते आणि सावकाश आत सरकत जाते. जिथे दुधी रंग आला, तिथे साखळ्या घड्या घालून बसल्या. ही रेघ १२० अंशांच्या आसपासची. गोळा गार होताना लहानही होतो, कारण रचून बसलेल्या साखळ्यांना जागा कमी लागते. या मालाचे साचे दोन-तीन टक्क्यांनी मोठे कापावे लागतात ते त्यामुळेच. पॉलिस्टायरीनचा गोळा मात्र वितळलेला असताना जितका स्वच्छ, तितकाच गार झाल्यावरही. त्यात रेघ उमटत नाही. त्याचा साचा अर्ध्या-पाऊण टक्क्याने मोठा केला की काम भागतं.

तक्त्यात बेकेलाइट आणि मेलामाइन नाहीत. त्यांचा द्रवणांक शोधूनही सापडला नसेल, कारण तो नसतोच. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट तयार केलं. त्यात उष्णतेने साखळ्यांमध्ये आडवे बंध पडतात आणि अख्खी वस्तू म्हणजे एकच जाळं होऊन जातं. अशा मालाला थर्मोसेट म्हणतात, आणि त्यासाठी मोल्डिंगचं मशीन उलट्या हिशेबाने चालवावं लागतं. पॉलिप्रॉपिलीनला बॅरल २०० च्या पुढे आणि साचा थंड. बेकेलाइटला बॅरल शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी आणि साचा १५० ते १८०. एक माल साच्यात गार होऊन घट्ट होतो, दुसरा तापून. घट्ट झालेलं बेकेलाइट कितीही तापवा, वितळणार नाही. ते काळं पडेल, त्यावर फोड येतील, उग्र वास सुटेल, शेवटी कोळसा होईल. भांड्यांच्या मुठी आणि विजेची बटणं त्याची करतात ती याच गुणासाठी. मात्र त्याची फुटकी वस्तू वितळवून पुन्हा ओतता येत नाही, हीही त्याची दुसरी बाजू.

वितळणारं प्लास्टिक आणि थर्मोसेट, रबर या दोहोंच्या मधलं. कच्चं रबर तापलं की चिकट होतं. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये त्यात गंधक घालून तापवलं आणि साखळ्यांमध्ये थोडेसेच आडवे बंध पडले: ताणता यावं इतके कमी, वितळू नये इतके पुरेसे. रबराची जाड पट्टी टांगून खाली वजन अडकवा आणि केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा तिच्यावर सोडा. पट्टी लांब व्हायला हवी असं वाटतं, पण ती आखडते आणि वजन किंचित वर उचललं जातं. धातूची तार याच्या नेमकी उलट वागेल. बाटली आखडते तीही याच कारणाने. हा प्रयोग मुलांना जरूर दाखवा, त्यात धोका काही नाही.

लेखात सुचवलेल्या दुसऱ्या प्रयोगाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. प्लास्टिक ओळखायला त्याचा तुकडा पेटवून वास घ्यावा, असं त्यात लिहिलं आहे. कृपा करून असं कोणी घरी करू नये. आमच्या धंद्यात ज्योतीची परीक्षा आहे, हे खरं. पॉलिइथिलीनला विझल्या मेणबत्तीचा वास येतो, नायलॉनला जळक्या केसांचा, पॉलिस्टायरीन काजळीच्या वेटोळ्या सोडतं, पीव्हीसीच्या ज्योतीला हिरवी कड येते आणि ज्योत बाजूला नेली की ते विझतं. पण ही परीक्षा धूर ओढून घेणाऱ्या यंत्राखाली, चिमटीत मावेल एवढ्या तुकड्यावर होते, आणि मुद्दाम नाक खाली नेऊन वास कोणी घेत नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं; ओल्या डोळ्यांत आणि घशात त्याचं आम्ल होतं. उघड्यावर, कमी आचेवर पीव्हीसी जाळलं तर डायॉक्सिन नावाची अतिविषारी संयुगंही तयार होतात. अॅसिटल नावाचं पांढरं, गुळगुळीत प्लास्टिक (लहान गिअर आणि झिप त्याच्या असतात) जवळजवळ न दिसणाऱ्या निळ्या ज्योतीने जळतं, आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड येतं.

पीव्हीसी आणि अॅसिटल ही दोन नावं मोल्डिंगच्या शेडमध्ये एका दमात घेतली तरी जुन्या ऑपरेटरांच्या कपाळावर आठी येते. पीव्हीसी जास्त वेळ तापत राहिलं की पिवळं, मग तपकिरी, मग काळं होतं आणि आम्लाचा वायू सोडतं. हे आम्ल अॅसिटलला लागलं की अॅसिटल भराभर तुटून त्याचा वायू होतो. बंद बॅरलमध्ये हे घडलं तर दाब चढतो आणि तापलेला माल नोझलमधून किंवा हॉपरच्या (दाणा ओतायच्या नरसाळ्याच्या) बाजूने उसळून बाहेर येऊ शकतो. म्हणून एका मशीनवर या दोहोंपैकी एकानंतर दुसरा लावायची वेळ आलीच, तर मध्ये भरपूर पॉलिइथिलीन ढकलून बॅरल धुऊन काढतात, आणि शक्यतो एका मशीनवर दोन्ही चालवतच नाहीत. आमच्याकडे त्यांच्या गोण्या शेजारी रचायलाही मनाई आहे. अॅसिटल १७० अंशांच्या आसपास वितळतं, पीव्हीसी त्याच सुमारास मोल्ड होतं. दोन्ही आकडे तक्त्यात शेजारी शेजारी बघितले, तर दोघांचं छान जमेल असंच वाटेल.

पुन्हा वापरासाठी प्लास्टिक वितळवतानाही हाच घोळ होतो. पीईटीचा भुगा वितळवायला २५० च्या वर तापवावं लागतं, आणि त्या तापमानाला पीव्हीसीचा कधीच कोळसा होऊ लागलेला असतो. त्यामुळे पीव्हीसीचे मोजके तुकडेही पीईटीचा अख्खा लॉट पिवळा आणि ठिसूळ करू शकतात. पाण्यात टाकून हे दोन वेगळे करता येत नाहीत, दोन्ही बुडतात. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तेवढे तरंगतात. घरी प्लास्टिक ओळखायचंच असेल तर ही तरंगण्याची परीक्षा करावी. ती पुरी पडत नाही, पण तिने कोणाचा घसाही जळत नाही.

टेफ्लॉनपुढे ३२७ हा आकडा बरोबर आहे. रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये योगायोगाने सापडलेलं हे प्लास्टिक वितळलं तरी वाहत नाही, इतक्या त्याच्या साखळ्या लांब असतात. पण सतत वापरासाठी २६० ही मर्यादा धरतात. ३५० च्या पुढे ते विघटन पावून विषारी वायू सोडतं. असा लेप असलेलं रिकामं भांडं मोठ्या आचेवर विसरलं तर ते काही मिनिटांत तिथवर पोचतं. त्या धुराने घरातले पाळीव पक्षी दगावतात आणि माणसांना तापासारखा त्रास होतो.

वितळण्याआधीच हार मानणं ही काही प्लास्टिकचीच रीत नाही. पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं, पण ६०० अंशांना त्याची ताकद निम्म्याहून खाली आलेली असते. इमारतीच्या आगीत एवढं तापमान सहज गाठलं जातं, म्हणून पोलादी खांबांना उष्णतारोधक थर देतात. लाकूड वितळतच नाही. वरून कोळसा होत जातं आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. जाड तुळईत हा थर मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या गतीने आत सरकतो, आणि त्यावरून ती किती वेळ उभी राहील याचा हिशेब मांडता येतो. काचेचा जाड पेला उकळत्या पाण्याने तडकतो, तिथे वितळण्याचा काही संबंध नाही. आतली बाजू फुगते, बाहेरची अजून थंड असते, आणि ही ओढाताण काचेला सोसत नाही. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून ती टिकते.

१४ जून २०१७ रोजी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. चोवीस मजली इमारतीच्या बाहेरून बसवलेल्या पॅनेलांमध्ये अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पॉलिइथिलीनचा थर होता. आग एका घरातल्या फ्रीझरपासून सुरू झाली. इमारतभर ती इतक्या वेगाने पसरण्याचं प्रमुख कारण ही पॅनेलं होती, असं पुढे चौकशीत ठरलं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. आतलं पॉलिइथिलीन १३० च्या आतच वितळतं, थेंबांनी खाली ठिबकतं, पेट घेतं, आणि जळताना किलोमागे जवळपास पेट्रोलइतकी ऊर्जा देतं. बाहेरून दिसत होता तो पत्रा. ही बातमी आली तेव्हा आमच्या विभागात कितीतरी वेळ कोणी काही बोललं नाही. आम्ही रोज हाताळतो तोच हा माल होता.

म्हणून आपल्याला आणि आपल्यामार्फत वस्तू बनवणाऱ्यांना एक सुचवायचं आहे. कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीचं चित्र असतं आणि त्यात एक, दोन किंवा तीन ठिपके असतात. कापडाचा द्रवणांक माहीत नसताना कोणीही त्यावरून इस्त्री लावू शकतो. प्लास्टिकच्या प्रत्येक डब्यावर, बाटलीवर, झाकणावर अशीच खूण का नसावी? काही बनवणारे वापराचं कमाल आणि किमान तापमान तळाशी उठवतातही, आणि त्याला काही वेगळं यंत्र लागत नाही. साच्यात एकदा कोरलं की झालं. चाचणी तर झालेलीच असते. ते तापमान कोणत्या परिस्थितीतलं, तेही सोबत हवं: किती वेळासाठी, भरलेल्या डब्यासाठी की रिकाम्या, पाण्यासाठी की तेलासाठी. हा शेवटचा मुद्दा मायक्रोवेव्हच्या बाबतीत फार महत्त्वाचा. पाणी १०० अंशांवर थांबतं. तेल थांबत नाही, आणि पाण्याला टिकणारा डबा तेलकट कडेला खपली धरतो, तिथे खड्डे पडतात, ते यामुळेच.

आपण हा तक्ता पुन्हा छापणार असाल तर त्यात द्रवणांकाचा रकाना हवा तर ठेवा, पण पहिला रकाना वापराच्या कमाल तापमानाचा असू द्या. दुसऱ्यात, त्याच्यापुढे गेलं तर माल काय करतो ते लिहा: वाकतो, आक्रसतो, तडकतो, ठिबकतो की वायू सोडतो. त्रिकोणातल्या अंकापुढे एकच आकडा न देता बाटली, ट्रे, डबा असे वेगळे आकडे द्या. पॉलिस्टायरीनपुढचे २४० काढून तिथे '९५ ते १०० अंशांना मऊ होतं' एवढं पुरे. आणि बेकेलाइट-मेलामाइनची भर घातलीत तर त्यांच्या द्रवणांकाच्या जागी नुसती रेघ ओढू नका, आकडा मिळाला नाही असं वाचकाला वाटेल. 'वितळत नाही, करपतं' असं अक्षरांत लिहा.

आपली,
प्लास्टिक चाचणी विभागात काम करणारी एक वाचक